हिमोफिलियाच्या मुलासाठी धावून जायचं असेल तर

17 एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन झाला की मला फोन येऊ लागतात, ‘आम्हालाही काहीतरी करायचंय.’ बहुतेकांच्या मनात फळवाटप असतं. फळं नकोत. गाडी असलेला, रात्री फोन उचलणारा आणि कॅज्युअल्टीत आवाज न चढवता मुद्द्याला चिकटून राहणारा माणूस हवाय. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणातल्या घरांना तर फारच. रात्री तिथून बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठायचं म्हणजे कदंबची बस नसते आणि शेजाऱ्याची रिक्षा मिळेलच असं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. बोट कापलं म्हणून या आजारात कोणी दगावत नाही. रक्त गोठवणारा एक घटक (फॅक्टर) जन्मतः कमी असतो: फॅक्टर 8 कमी असेल तर हिमोफिलिया ए, 9 कमी असेल तर बी. ए प्रकार साधारण 5,000 मुलग्यांमागे एकाला असतो. खरा रक्तस्राव आत होतो, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात. तीव्र प्रकारात त्याला पडणं-आपटणंही लागत नाही. तोच सांधा पुन्हापुन्हा रक्तानं भरला की कायमचा आखडतो.

कागद तयार करा

एकच पान, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. प्रकार, तीव्रता, रक्तगट, इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिद्रव्यं) आहेत का, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आणि त्यांची सही. वजन दर दोन-तीन महिन्यांनी बदला, कारण डोस वजनावर ठरतो: किलोमागे 1 युनिट फॅक्टर 8 दिला की रक्तातलं प्रमाण सुमारे 2 टक्क्यांनी वाढतं. मुलगा उंच होत जातो आणि फोल्डरात मात्र तिसरीतलं वजन पडून असतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, स्नायूत इंजेक्शन नको, हे ठळक लिहा. पॅरासिटामॉल चालतं. रक्तस्राव टाळण्यासाठीचं एमिसिझुमॅब हे इंजेक्शन सुरू असेल तर ते सगळ्यात वर. त्या औषधानं एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा फसवा येतो.

फॅक्टर कुठे आहे ते विचारून ठेवा

फॅक्टरचं इंजेक्शन कुठल्या रुग्णालयात मिळेल ते, दिवसाच, फोन करून. घरी बाटल्या असतील तर बहुतेक 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात, फ्रीजरमध्ये कधीच नाही. पावसात वीज गेली की फ्रिज उघडून बघत बसू नका.

रात्रीचा फोन

खरं काम इथे आहे, आणि भले भले इथेच ढेपाळतात. मलाही कॅज्युअल्टीत तोंड उघडायला बराच काळ लागला.

मुलगा म्हणतो, ‘मावशी, गुडघ्यात चालू झालंय.’ तुम्ही बघता तर गुडघा अगदी दुसऱ्यासारखाच. सूज नाही, लाली नाही. तरी निघायचं. सांध्यात रक्त उतरू लागलं की आधी मुंग्या येतात, आत ऊब जाणवते. सूज मागाहून दिसते. दिसेपर्यंत थांबणं म्हणजे सांध्यात रक्त भरू देणं. फॅक्टर जितका लवकर तितका बरा, शक्यतो दोन तासांच्या आत. ‘सकाळपर्यंत बघू या’ म्हणणारा स्वयंसेवक मला नको.

निघेपर्यंत पायाखाली उशी, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, आणि चालणं बंद. तेल नाही, शेक नाही, चोळणं तर मुळीच नाही. वाड्यावरचा हाडवैद्य कितीही प्रेमाचा असो, त्याला नमस्कार करून गाडी काढा.

कॅज्युअल्टीत बहुधा इंटर्न भेटेल. पुस्तकाबाहेर त्यानं हिमोफिलिया पाहिलेला नसेल आणि त्यात त्याचा दोष नाही. तो विचारेल, ‘सूज कुठाय? आधी एक्स-रे काढून या.’ एका रुग्णालयात याच वाक्यानं आम्हाला एक्स-रेच्या रांगेत बसवलं होतं आणि नंबर येईपर्यंत मुलाची पँट गुडघ्यावर ताठ झाली होती. आत्ता सुरू झालेला रक्तस्राव एक्स-रेत दिसत नाही. तेव्हा एका दमात सांगायचं: ‘डॉक्टर, याला तीव्र हिमोफिलिया ए आहे, गुडघ्यात रक्तस्राव सुरू झालाय. हा त्याच्या डॉक्टरांचा कागद. फॅक्टर आधी देऊ या, तपासण्या मागाहून.’ ‘एवढंही माहीत नाही?’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. एकदा तो दुखावला की तुमचा कागद फायलीखाली जातो. तो अडलाच तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावून मोबाइल त्याच्या हातात द्या. दोन डॉक्टर आपसात बोलले की काम होतं.

डोक्याला मार लागला असेल तर मुलगा हसत-खेळत असला तरी फॅक्टर आधी, सीटी स्कॅन नंतर. इथे तडजोड नाही. जांघेत दुखतंय आणि पाय सरळ करता येत नाही, ही आणखी एक फसवी जागा. आतल्या स्नायूत रक्त साचतं, आणि उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्सचा संशय घेतला जातो. सर्जनला बोलावण्यापूर्वी ‘हिमोफिलिया’ हा शब्द त्यांच्या कानावर गेलाच पाहिजे.

औषध तयार होताना बाटली हलक्या हातानं फिरवायची असते, खदखदा हलवायची नाही. सुई बारीक मागा. या मुलांना शिरा आयुष्यभर पुरवायच्या असतात. बाटलीवरचं लेबल काढून वहीत चिकटवा, बॅच नंबरासकट.

दाखला

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये हिमोफिलिया आहे. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरून द्या आणि रांगेत मुलाऐवजी तुम्ही उभे राहा.

शाळा आणि घर

शिक्षकांना सांगा, पोहणं उत्तम, कबड्डी-फुटबॉल नको. सगळंच बंद केलं तर मुलगा लपूनछपून खेळेल आणि लागलं तर सांगणारही नाही. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला, हेच होतं. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढायचं असतं, आरत्यांना घरोघर फिरायचं असतं, मग दुखणं गिळून तो दीड दिवस काढतो. रागावू नका. त्याच्या डॉक्टरांना विचारून चवथीच्या आधीच काय खबरदारी घेता येईल ते ठरवा.

घरात आजी हमखास म्हणते, ‘तिच्या माहेरचं आलंय.’ दोष आईकडून येऊ शकतो हे खरं, पण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो. हे आईच्या देखत, आजीला सांगा. मुलाचे फोटो कुठेही टाकू नका. गावात बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यात ते पुढे येतात. त्या बहिणीची फॅक्टर पातळी मात्र तपासून घ्यायला लावा. वाहक, म्हणजे हा दोष पुढे नेणाऱ्या, मुलींमध्येही ती कमी असू शकते, आणि पाळीत फार जातं म्हणून ती वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात असते. दात काढण्याआधी आणि बाळंतपणाआधी तो आकडा डॉक्टरांच्या हातात असायला हवा.