डाएट वेगळं, व्यायाम वेगळा असं न करता दोन्ही एकत्र कसं बसवायचं

बरेच जण जानेवारीत जिम लावतात पण ताटात तेच असतं, सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या वर भात, संध्याकाळी चहाबरोबर खारी. नाहीतर एकदम उलटं, रात्रीचं जेवणच बंद आणि हालचाल शून्य. दोन्हीत हाती फार काही लागत नाही. नुसतं खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि नुसतं चालून वजन उतरवायचं म्हटलं तर अर्ध्या तासाच्या चालण्यात एक वडापावसुद्धा भरून निघत नाही.

म्हणून आधी ताट बघा. पोळी-भाकरी बंद करायची अजिबात गरज नाही, फक्त भाजी चमचाभर तोंडी लावायला न घेता अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं करा, पाव ताट उसळ, वरण, अंडी, मासे यातलं काहीतरी आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. जेवायला बसल्यावर आधी काकडी-गाजर, उसळ खा आणि मग पोळीला हात लावा, एवढ्यानेही जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते.

खरी अडचण प्रोटीनची आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. आता आपल्या वाटीभर पातळ वरणात जेमतेम ४-५ ग्रॅम असतं, मग ते कुठून पुरणार? एका अंड्यात ६, ग्लासभर दुधात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मटकीची घट्ट उसळ वाटीभर घेतली तर ७-८. आणि पिठलं! ४० ग्रॅम बेसनात जवळपास ९ ग्रॅम प्रोटीन असतं, तेल बेताचं घातलं तर रात्रीच्या जेवणाला याच्याइतकं स्वस्त आणि झटपट दुसरं काही नाही. उपवासाला मात्र साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी आणि दही बरं.

आता व्यायाम. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस ताकदीचा. ही १५० मिनिटं जेवणालाच जोडून टाका. दुपारी आणि रात्री जेवून झालं की १०-१५ मिनिटं चाला, गच्चीवर, पार्किंगमध्ये, कुठेही. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे ही शतपावली सोफ्यावर बसून मोबाईल बघण्यापेक्षा कितीतरी कामाची आहे. पोटाला झेपेल असं सावकाश सुरू करा, मग वेग असा ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

ताकदीचे दोन दिवस लोक हमखास टाळतात, आणि चाळिशीनंतर तेच सगळ्यात जास्त लागतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १०-१२ वेळा, भिंतीला हात लावून पुशअप तेवढेच, असे दोन-तीन सेट. सूर्यनमस्कार उत्तमच, पण त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही, म्हणून ५ लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरून, कंबरेत वाकून पाठ सरळ ठेवून तो एकेका हाताने पोटाकडे ओढायचा, पाठीला खूप फरक पडतो. सकाळी हलकं चालायचं असेल तर उपाशीपोटी चालतं, जोरकस करायचं असेल तर आधी अर्धं केळं खा आणि नंतर नाश्त्याला मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी. रोजच्या खाण्यातून प्रोटीन पूर्ण होत असेल तर पावडरची काही गरज नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोला आणि चालायला जाताना खिशात साखर ठेवाच, कारण रक्तातली साखर एकदम उतरून घाम सुटला, थरथर व्हायला लागली तर ती लगेच खावी लागते. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर आधी तपासणी, मग बाकी सगळं.

आणि रोज वजनकाट्यावर उभे राहू नका, स्नायू वाढत असताना काटा हलत नाही आणि माणूस निराश होऊन सोडून देतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सकाळी काही न खाता, पोट आत न ओढता टेपने कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० च्या आत हवी.