जाणत्याकडून अनुभव लेखी कसा काढून घ्यावा

समव्यवसायींचा ऑनलाइन समूह स्थापन करणे, सदस्य जमवणे आणि नियम ठरवणे ही कामे आपण उरकली आहेत असे गृहीत धरतो. गप्प बसणाऱ्या सदस्यांना काढून टाका, असा सल्ला हमखास मिळतो; तो मानू नये. माणसे काम कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, नवखा माणूस कडेला राहून, बघत बघतच कामात मुरतो.

खरी अडचण जाणत्यांकडून लिहून घेण्याची असते. ‘आपले अनुभव लिहा’ असे आवाहन मी वर्षभर करत होतो आणि माझ्या हाती शुभेच्छांपलीकडे काही आले नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी म्हटलेच आहे, की माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते. म्हणून अनुभव मागू नये, एखादी घडलेली घटना विचारावी, आणि तीही ताजी असतानाच. आमच्या पंपदुरुस्तीच्या समूहात एका ज्येष्ठ सदस्याने ‘आवाजावरून कळते’ एवढेच लिहून विषय संपवला होता. आवाज कसा होता, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘आत खडे घोळल्यासारखा.’ आधी काय तपासले? ‘बेअरिंग. ते ठीक निघाले.’ मग? ‘शोषण बाजूची गाळणी तुंबली होती.’ गाळणी तुंबल्याने शोषण बाजूचा, म्हणजे पंप पाणी ओढून घेतो त्या बाजूचा, दाब घटतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढताच फुटतात. तोच तो आवाज. तीन प्रश्नांत नवख्याच्या उपयोगाची नोंद तयार झाली. वाया गेलेला प्रयत्न नोंदीतून कधीही गाळू नये, कारण वाचणारा नेमका तिथेच अडकलेला असतो. सर्व प्रश्न एकदम मात्र विचारू नयेत. मी एकदा बारा प्रश्नांचा तक्ता पाठवला आणि एक चांगला माणूस कायमचा गमावला.

लिहून काढण्याचे काम आपण करावे, पण नोंद त्या जाणत्याला दाखवून, त्याच्याच नावाने ठेवावी. झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी १९९० च्या दशकात उभारलेल्या ‘युरेका’ या दुरुस्तीच्या युक्त्या साठवणाऱ्या व्यवस्थेतही पडताळलेली युक्ती सुचवणाऱ्याच्या नावासह दिसत असे.

शीर्षकात निदान नव्हे, तर लक्षण लिहावे: ‘पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज’. शोधणाऱ्याला निदान ठाऊक नसते. शेवटी पडताळणीची तारीख टाकावी.