60 संत्र्यांचा आयतालेख: कागदावर आणि एक्सेलमध्ये

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधून आणलेली 60 संत्री डिजिटल काट्यावर एकेक करून तोलली आणि वजनं पूर्ण ग्रॅममध्ये लिहिली. ताळ्याच्या खुणा करून वर्ग पाडले: 100–119 ग्रॅममध्ये 4 नग, 120–139 मध्ये 11, 140–159 मध्ये 20, 160–179 मध्ये 16 आणि 180–199 मध्ये 9. इथं आयतालेखच (एकमेकांना चिकटलेल्या आयतांचा आलेख, हिस्टोग्राम) काढायचा, सुट्या स्तंभांचा स्तंभालेख नाही. वजन सलग वाढतं. दोन स्तंभांत फट ठेवली तर मधल्या वजनाचं फळच नाही असं वाटतं.

आधी वर्ग सलग करून घ्या. 119 आणि 120 मधलं अंतर 1, त्याचं निम्मं 0.5. ते खालच्या मर्यादेतून वजा करा, वरच्या मर्यादेत मिळवा: 99.5–119.5, 119.5–139.5, असं 199.5 पर्यंत. ही नुसती पुस्तकी उठाठेव नाही. काटा 119 दाखवतो तेव्हा खरं वजन 118.5 ते 119.5 मध्ये कुठंही असतं.

आलेख कागदावर आडव्या अक्षाला 2 सेमी = 20 ग्रॅम आणि उभ्या अक्षाला 1 सेमी = 2 नग असं प्रमाण घ्या आणि ते कोपऱ्यात लिहा. आडवा अक्ष शून्यापासून नसल्यामुळे उगमबिंदूजवळ अक्षसंकोच चिन्ह, म्हणजे अक्षाचा मधला भाग वगळल्याची नागमोडी खूण, हवं. परीक्षेत हेच हमखास राहून जातं. 99.5 ची खूण ठळक रेषेवर घ्या, 100 ची नाही. आयतांची उंची अनुक्रमे 2, 5.5, 10, 8 आणि 4.5 सेमी येते.

खरी गोची वर्ग असमान असले की होते. शेवटचे दोन वर्ग एकत्र केले तर 159.5–199.5 मध्ये 25 नग येतात. सरळ 25 ची उंची काढली तर तो आयत सगळ्यांत उंच होतो, आणि माल जड असल्याचा भास होतो. आयतालेखात क्षेत्रफळ मोजायचं असतं. वर्गाची रुंदी दुप्पट, म्हणून उंची निम्मी: 12.5 नग, म्हणजे 6.25 सेमी. अशा वेळी उभ्या अक्षावर ‘दर 20 ग्रॅमला नग’ असं लिहा.

वारंवारता बहुभुज (प्रत्येक वर्गातले नग, म्हणजे वारंवारता, आयतांऐवजी जोडरेषांनी दाखवणारी आकृती) हवा असेल तर मूळच्या पाच समान वर्गांच्या आयतांचे वरचे मध्यबिंदू जोडा आणि दोन्ही टोकं 89.5 व 209.5 वर अक्षाला टेकवा. टोकं अधांतरी सोडली तर बहुभुज बंदच होत नाही.

आलेखाला दोन उंचवटे दिसले तर वर्ग बदलत बसण्याआधी माल तपासा. बहुधा दोन बागांची फळं एकत्र झालेली असतात.

एक्सेलमध्ये वर्ग आणि नग दोन रकान्यांत भरून कॉलम चार्ट काढला की स्तंभांत फट येते. स्तंभावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट डेटा सिरीज’, मग ‘गॅप विड्थ’ 0 टक्के करा. असमान वर्ग मात्र हा चार्ट सारख्याच रुंदीचे दाखवतो, तेव्हा ते कागदावरच काढलेले बरे.

उभा अक्ष मात्र शून्यापासूनच हवा. नागपूरच्या मे महिन्याचं तापमान स्तंभांनी दाखवताना अक्ष 40 पासून घेतला, तर 44 अंशांचा स्तंभ 42 च्या दुप्पट उंच दिसतो. तापमानाला रेषालेख काढा. तिथं 40 पासून सुरुवात चालते.