फियाटच्या डिकीत पाणी, शेवटी सापडलं कुठून येतं ते

आमच्याकडे बाबांची 1984 ची पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाटच) आहे, दर पावसाळ्यात डिकीत पाणी साचायचं आणि कुबट वास. दोन मेकॅनिकनी बघून सांगितलं बीडिंग (डिकीच्या झाकणाभोवतीची रबरी पट्टी) गेलंय, म्हणून नवीन बीडिंग टाकलं, तरी पाणी आहेच!

मग यावेळी मीच बसलो. स्टेपनी, जॅक, मॅटिंग सगळं बाहेर काढलं, पत्रा कोरडा पुसला आणि सांध्यांवर टाल्कम पावडर मारली. मागच्या सीटची पाठ काढून भाऊ आतून टॉर्च मारत होता (डिकीत कोणाला बंद करू नका, प्लीज). पाइपचं पाणी हळू सोडायचं, आणि खालून सुरुवात करून वर जायचं, कारण वरून ओतलं की सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. एकेका जागेला पाच मिनिटं. टेललाइटवर आलो आणि भाऊ ओरडला, दादा इथे इथे! पावडरीत ओघळ स्पष्ट दिसत होता. लॅम्पखालचा रबर गॅस्केट कडक होऊन तडकला होता, पाणी तिथून शिरून सांध्यावरून वाहत पार दुसऱ्या कोपऱ्यात टपकायचं, म्हणून इतकी वर्षं सगळे चुकीच्या जागी बघत होते.

गंज घासून रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थांबवणारं रसायन), प्रायमर, नवीन गॅस्केट आणि कडेने ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी). व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र लावू नका, त्याने पत्रा गंजतो.

परवा रात्रभर धो धो पडला, सकाळी डिकी उघडली, वर्तमानपत्र अंथरलं होतं ते कोरडं ठणठणीत. बाबा दोनदा हात फिरवून बघत होते.