तिलापिया काढायला ओढजाळं टाकताय? आधी तळावरून साखळी फिरवा

तिलापिया हा झपाट्याने वाढणारा विदेशी मासा तलावातून काढायचा, तर जाळं, माणसं, टब हे कुणी विसरत नाही. विसरली जाते ती साखळी. म्हणून यादीत पहिली तीच. ८ एमएमची लोखंडी साखळी, साधारण १० मीटर, आणि दोन्ही टोकांना काठापर्यंत पुरतील असे दोर. जाळं उतरवायच्या आदल्या दिवशी दोन काठांवरच्या माणसांनी ती तळावरून ओढत न्यायची, पट्ट्यापट्ट्यांनी, आधी लांबीत आणि मग रुंदीत. जिथे अडकेल तिथे माणूस उतरवायचा, अडथळा बाहेर काढायचा आणि त्याच पट्ट्यातून पुन्हा साखळी न्यायची. निघत नसेल तर बांबू रोवून वर लाल फडकं बांधायचं.

विसर्जन होणाऱ्या तलावात तर यातून सुटकाच नाही. ठाण्यातला तलाव असो की बेलापूर-वाशीकडच्या एखाद्या गावातला, तळाशी मूर्तीच्या आतल्या कामट्या, पाट, मखराची तार, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या आणि कुठूनतरी आलेली सळई असतेच. जाळं सळईत अडकलं की काठावरचे जोर लावतात, जाळं फाटतं. फाटलं नाही तर आतला माणूस खालची दोरी उचलून सोडवायला जातो, आणि हे फाटण्याहून वाईट. तिलापिया घाबरला की तळाशी जातो, गाळात दबा धरतो. खालची दोरी वीतभर उचलली गेली की तिथूनच पसार होतो. काठावर मात्र सगळे खूश, कारण जाळं सुटलं.

परवानगीचं थोडक्यात. तलाव महापालिकेचा असला तरी मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार संस्थेकडे असू शकतो. दोघांकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर १२ माणसं उभी करू नका.

वेळ एप्रिल-मेची. पाणी तेव्हा मुळातच कमी असतं. तरीही बांबूवर फुटाफुटाला खुणा करून खोली मोजा, आणि पाणी छातीपेक्षा वर असेल तर पंपाने उतरवा. हिशोब आधी करा: ४० बाय २५ मीटरचा तलाव एक मीटर उतरवायचा म्हणजे १० लाख लिटर पाणी. तासाला ५० हजार लिटर खेचणारा पंप सलग २० तास चालेल. म्हणजे तो साखळीच्या आदल्या सकाळीच सुरू झाला पाहिजे, आणि पाणी उतरलं की मग साखळी. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा पिंजरा लावा, नाहीतर पिल्लं गटारातून पुढच्या पाण्यात जातील. पिंजऱ्यात कचरा अडकतो, दर तासाला साफ करायला एक माणूस ठेवा.

आता जाळं. लांबी तलावाच्या रुंदीच्या दीडपट, उंची पाण्याच्या दीडपट. २५ मीटरला ३८-४० मीटर जाळं, दीड मीटर पाण्याला सव्वादोन मीटर उंची. जाळ्याला पोट पडलं पाहिजे, ताणून लावलेलं जाळं तळ सोडतं. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, ८ ते १० एमएम आणि गाठ नसलेला, म्हणजे देशी माशांचे खवले सोलवटत नाहीत. मोठ्या आसाचं जाळं स्वस्त मिळतं आणि ओढायला हलकं असतं, पण त्यातून बोटाएवढी पिल्लं निघून जातात आणि दोन-तीन महिन्यांत तीच अंडी घालायला लागतात. वरच्या दोरीला हात-दीड हातावर बोया. खालच्या दोरीचं मात्र डोकं लावून ठरवा. तळ कठीण असेल तर शिसं, गाळ मऊ असेल तर शिसं नको. ते गाळात रुततं आणि जाळं चिखलच भरून आणतं. तिथे जाड दोरांची जुडी बांधा, ती गाळावरून सरकते.

दोन्ही टोकांना उभे दांडे हवेत. ओढताना दांड्याचं खालचं टोक पुढे, वरचं मागे. माणसं थकली की हे उलटं होतं आणि खालची दोरी मागे पडून उचलली जाते. प्रत्येक काठावर चार-पाच जण आणि जाळ्याच्या मागे, पाण्यात, दोन. मागच्या दोघांचं काम एकच: अडकलं तर हात वर करून ओढणं थांबवायचं, दोरी ढिली करून जाळं मागे घ्यायचं आणि तळाला धरूनच सोडवायचं. उचलायचं नाही. साखळी नीट फिरवली असेल तर ही वेळ सहसा येतच नाही.

तिलापियाने तळात केलेले परातीएवढे खड्डे हा दुसरा अडथळा. खालची दोरी त्यांच्यावरून तरंगत जाते आणि मासे आत बसून राहतात. साखळीच्या दोन फेऱ्यांत या खड्ड्यांच्या कडाही ढासळतात, हा तिचा दुसरा फायदा. आता तरी भाड्याने आणा.

पाण्यात गमबूट नको, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. जुने बूट, लेस घट्ट बांधून. पायाला जखम असलेला माणूस काठावर, कारण लेप्टोची (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती खरी आहे.

ओढायला सकाळी लवकर, पण पाणी हिरवंगार असेल तर उन्हं वर येऊ द्या. शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं, पहाटे तो सर्वात कमी असतो, आणि त्यात गाळ ढवळला तर रोहू-कटला आधी मरतात. काठाजवळ स्वच्छ पाण्यात बारीक जाळीचा हापा (मासे जिवंत ठेवायची जाळीची पेटी) बांधून ठेवा, शेजारी हवेचा पंप. देशी मासे थेट त्यात.

घेर लहान झाला की तिलापिया बोयांवरून उड्या मारतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात वरची दोरी हाताने फूटभर वर धरा. पिल्लं तोंडात सांभाळणारी मादी घाबरली की ती तिथेच ओकते, त्यामुळे जाळ्याचा बटवा पाण्यात झटकू नका, तसाच टबात घ्या. मत्स्यालयातून सोडून दिलेला सकर मासा अडकला तर मागे ओढू नका. त्याच्या परांचे काटे आसात उलटे बसतात. डोक्याच्या दिशेने पुढे सरकवून काढा, नाहीतर जाळं कापा. विदेशी मांगूर गाळात घुसतो, जाळ्यात फारसा येत नाही. त्याची आशा तलाव आटवल्याशिवाय धरू नका. कासव आणि दिवड लगेच सोडा.

दोन ओढींत तासाभराची विश्रांती, दिवसाला तीनपेक्षा जास्त नको. पहिल्या ओढीत सगळे येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि तेव्हाही आधी साखळी, कारण मधल्या काळात लोकांनी काहीतरी टाकलेलं असतंच.

पकडलेले विदेशी मासे बर्फ-पाण्याच्या टबात. सांडपाणी येणाऱ्या तलावातले असतील तर बाजारात नाही, खड्डा खणून चुन्यासह पुरायचे. खाडीत तर अजिबात नाही. तिलापिया खाऱ्या पाण्यातही तगतो, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

जाळं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, ओलं दुसऱ्या तलावात नेऊ नका. साखळी परत करायच्या आधी मोजून घ्या.