पाळीव सापाच्या अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक परजीवी) झाल्यास

साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल तर त्याला हातात घेऊन हनुवटीखालची खाच आणि डोळ्यांच्या कडा नीट बघा. खसखशीएवढे काळे ठिपके सरकताना दिसले, की माइट्सच. खात्री करायची तर पांढऱ्या टिश्यूवरून साप हळूच सरकू द्या, त्याला बाजूला घ्या आणि टिश्यूवर पडलेले ठिपके चिरडा. रक्ताचा लाल डाग उमटतो.

उथळ, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवल्याने बरेच माइट्स बुडतात, पण काही डोक्याकडे चढतात. ते ओल्या कापसाने टिपून घ्या. सापाला पाण्यात एकटं सोडून जाऊ नका.

खरी लढाई मात्र पिंजऱ्यात असते. मादी अंडी सापावर घालत नाही, ती घालते फटींत, कोपऱ्यांत, झाकणाच्या खाचेत. त्यामुळे नुसता साप धुऊन काही होत नाही (पहिल्यांदा सगळे हेच करतात). खालचा भुसा पिशवीत बांधून घराबाहेर टाका, लाकडाचे तुकडेही. पिंजरा कडक गरम पाण्याने घासा, पूर्ण वाळवा आणि महिनाभर तळाला फक्त पांढरा कागद घाला. त्यावर एकही ठिपका लपत नाही. कागद रोज बदला.

अंड्यांतून नवे निघतच राहतात, म्हणून दोन-तीन आठवडे हेच पुन्हापुन्हा करावं लागतं. कुत्र्या-मांजरांचं पिसवांचं औषध सापावर अजिबात मारू नका. औषध आणि त्याचं प्रमाण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं. दुसरे साप असतील तर त्यांना आधी हाताळा, या आजारी सापाला शेवटी.