भंगारातला माल घेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरलं तेव्हा सांगलीत गल्लोगल्ली दारासमोर ढीग लागले होते. गाद्या, फुगलेली कपाटं, टीव्ही, मिक्सर, कुणाचा तर देव्हारासुद्धा. लोकांनी टाकलेलं उचलायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं, हा धंदा मी तेव्हा नुकताच सुरू केला होता. भंगारवाल्या मामांकडून किलोच्या भावानं ११ मिक्सर उचलले. वरून पुसले, दोन दिवस उन्हात ठेवले आणि पहिला सरळ प्लगला लावला. फाट् करून आवाज, जळक्या वार्निशचा वास, घरात अंधार. वाटलं, या एकाचंच नशीब खोटं. मग दुसराही तसाच लावला.

दोन मोटारी जाळल्यावर मामांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, "का टाकलं ते टाकणाऱ्याला विचार की. मला काय विचारतोस?"

हे वाक्य आता माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. कुठलीही वस्तू उगाच फेकली जात नाही. कारण अगदी क्षुल्लक असतं, नाहीतर असं असतं की तिथं ब्रह्मदेवही हात टेकेल. कारण कळायच्या आधी पैसे मोजले तर धंदा बसलाच.

भिजलेली वस्तू लगेच लावू नका

मिक्सरचं बाहेरचं प्लॅस्टिक दोन तासांत वाळतं. आतल्या वायंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीत, ओल आठवडाभर राहते. त्यात पुराचा गाळ वाळला की तो पॉलिश पेपरसारखा वागतो, शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा आणि तो ज्यात फिरतो ते बुश खाऊन टाकतो. म्हणून आधी वस्तू पूर्ण उघडायची. मोटर स्वच्छ पाण्यानं धुवायची. हे ऐकून नवी पोरं हसतात, पण गाळ पाण्यानंच निघतो. मग तीन-चार दिवस कडक ऊन. पावसाळा असेल तर खोक्यात १०० वॅटचा बल्ब लावून त्याच्या उबेला ठेवायची, आणि बुशाला तेल द्यायचं. पुराच्या चिखलातला माल हाताळताना हातमोजे आणि गमबूट घाला, तेव्हा लेप्टोच्या तापाची भीती असते.

त्यानंतर मेगर, म्हणजे करंट गळतोय का ते दाखवणारं मीटर, लावायचा. वायंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये १ मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर परत उन्हात. मेगर विकत घेणं परवडत नसेल तर मोटार रिवायंडिंगवाल्याकडे जा. चहा पाजला की तो तपासून देतो.

आणि घरी सिरीज बोर्ड हवाच. एक फळी, त्यावर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बातून जाऊनच सॉकेटला पोचेल असे. एलईडी चालत नाही, तारेचाच बल्ब लागतो. संशयित वस्तू आधी या सॉकेटला लावायची. आत शॉर्ट असेल तर फाट् होत नाही, नुसता बल्ब पेटतो. मिक्सर लावलात तर बल्ब उजळणारच, पण मोटर झोपेतून उठल्यासारखी हळूहळू फिरायला लागते. तेवढं पुरे. बल्ब भगभगीत पेटला आणि मोटर जागची हललीच नाही, तर एकतर ती जाम आहे नाहीतर जळालीय. शंभर-दीडशे रुपयांचा हा बोर्ड त्या दिवशी असता तर माझे दोन मिक्सर वाचले असते.

लाल बटण

मिक्सरचंच सांगतो, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त तोच येतो. मिक्सरच्या बुडाला एक छोटं, बहुतेक वेळा लाल बटण असतं. मोटरवर ताण आला, म्हणजे इडलीचं पीठ फार घट्ट झालं किंवा भांड्यात खोबऱ्याचा तुकडा अडकला, की ते बटण बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. मोटर थंड झाल्यावर ते आत दाबलं की परत चालू. हे निम्म्या घरांत माहीत नसतं.

सांगलीतल्या विश्रामबागेत एका मावशींनी मला बोलावलं होतं. "आवं, दोन वर्सं झाली, बंदच हाय. घेऊन जा, जागा तर मोकळी होईल." मी मिक्सर उलटा केला, बटण दाबलं, वायर लावली. सुरू. मावशी बघतच राहिल्या. "आगं बाई, ह्येच का!" फुकटात मिळालेला चालू मिक्सर तसाच पिशवीत घालून आणला असता तर सातशे रुपये कुठं गेले नव्हते. पण बटण मी त्यांच्यासमोर दाबलं आणि मिक्सर त्यांच्याच ओट्यावर ठेवून आलो. त्यानंतर त्यांच्या अपार्टमेंटमधून मला आठ घरं मिळाली. मोठेपणा म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगतोय.

बटण दाबूनही चालत नसेल तर कार्बन ब्रश बघा, मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे काळे तुकडे. झिजून बोटाच्या नखाएवढे उरले असतील तर बदला. आर्मेचरची, म्हणजे त्या फिरत्या भागाची, तांब्याची पट्टी काळी झाली असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पुसा. कानस लावायची नाही. वरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती चकती, तुटला असेल तर त्याचे आटे बहुतेक मिक्सरमध्ये उलटे असतात. नेहमीसारखा डावीकडे फिरवून जोर लावला तर तो आणखी आवळतो आणि शेवटी शाफ्टच वाकतो. मी एक वाकवलाय.

थ्री पिन काढून टू पिन लावायचा शॉर्टकट मात्र कधीच करू नका, तिसरी पिन अर्थिंगची असते. बॉडीला करंट येणारी वस्तू विकणं म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, माणूस गमावणं.

पंखा घ्या, फ्रिज सोडा

सीलिंग पंखा हा या धंद्यातला सोपा पैसा. "हळू फिरतो" किंवा "नुसता गुंगुं करतो, काठीनं ढकलल्यावर फिरतो" म्हणून टाकलेला असेल तर दहातल्या आठ वेळा कपॅसिटर गेलेला असतो. बहुतेक पंख्यांना २.५ एमएफडीचा लागतो, पैसेही फारसे लागत नाहीत. घरघर येत असेल तर बेअरिंग. पाती मात्र एकाच सेटची ठेवा. इकडची दोन आणि तिकडचं एक असं लावलं की पंखा नाचतो. आणि भावात फार ताणू नका. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवे बीएलडीसी पंखे ३० च्या आसपास. हे आता गिऱ्हाईकच आपल्याला सांगतं.

फ्रिजचं नेमकं उलटं. "थंड होत नाही" असं कळलं की फ्रीझरचा पत्रा बघा. बर्फ खरवडायला सुरी लावलेली असते, सुरीनं पत्र्यातली नळी फुटते आणि गॅस निघून जातो. ते परवडणारं काम नाही. शिवाय अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, जो पेट घेतो. कॉम्प्रेसरवरच्या लेबलावर लिहिलेलं असतं. तिथं डागणीची ज्योत लावायची नाही, शिकलेला मेकॅनिक बोलवायचा. मायक्रोवेव्हही सोडून द्या. प्लग काढल्यावरही त्याचा कपॅसिटर मोठा चार्ज धरून असतो.

विकू नका अशा आणखी काही गोष्टी: बूड फुगलेला कुकर, गॅसचा रेग्युलेटर आणि नळी, पडलेलं हेल्मेट, फुगलेली मोबाईलची बॅटरी. ही बॅटरी भोसकली तर पेट घेते, ती भंगाराच्या पोत्यातही टाकू नका.

शिलाई मशीन आणि खोबरेल तेल

पायडलची काळी शिलाई मशीन टाकायला काढली की लोक म्हणतात, "जाम झालीय." नव्वद टक्के वेळा कुणीतरी तिला खोबरेल किंवा गोडेतेल घातलेलं असतं. ते काही महिन्यांत डिंकासारखं घट्ट होतं. डिझेल किंवा रॉकेलनं ते धुवायचं, सगळ्या छिद्रांत थेंब थेंब सोडायचं, रात्रभर मुरवायचं, सकाळी चाक हळूहळू फिरवायचं. मग मशीनचं पातळ तेल. पेट्रोल वापरू नका, एका ठिणगीचं काम असतं. बॉबिन केस आणि पट्टा बदलला की मशीन टकटक चालते. तरी पहिल्या मशीनमध्ये मला तोटाच झाला. ९०० ला घेतली, १,९०० ला विकली, खूश झालो. बायकोनं विचारलं, रिक्षा किती, सामान किती, आणि तुमच्या चार संध्याकाळी किती? त्या वहीत मी "मजुरी" असा रकानाच ठेवला नव्हता.

लाकूड, आणि मिरजेत खाल्लेल्या शिव्या

लाकडी सामानात भोकं दिसली तर वस्तू कागदावर ठेवून ठोका. ताजा, पिठासारखा भुगा पडला तर भुंगा आत जिवंत आहे. तो तुमच्या गाळ्यातल्या बाकी लाकडातही जाईल. पुरात भिजलेलं पार्टिकल बोर्ड फुगलं की संपलं. सागवान मात्र सावलीत सावकाश वाळवलं तर परत उभं राहतं. सागवानावर ऑइलपेंट मारणाऱ्याला माझ्याकडं माफी नाही. गादी आणि जुना सोफा घेऊच नका. ढेकूण फुकट येतात आणि जाताना घर घेऊन जातात.

एकदा भंगारात मान निखळलेला तंबोरा सापडला. हुशारी करून मी दोन ट्यूबवाला पक्का डिंक लावला, घट्ट बसला. मिरजेत तंतुवाद्य करणाऱ्या कारागिराला कौतुकानं दाखवायला नेला. त्यांनी सांधा बघितला आणि माझ्याकडं बघितलं. सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या डिंकानं, जोडलेला सांधा उष्णता दिली की सुटतो, पुढच्या माणसाला परत उघडता येतो. माझा सांधा उघडायचा तर लाकूडच फाडावं लागणार होतं. मान निखळली म्हणून कुणीतरी तो टाकला होता. मी त्याला खरोखरच भंगार केला.

वाड्यातल्या जुन्या वस्तूंना जपून हात लावा. मूर्ती, नाणी, इमारतीतून काढलेलं कोरीव काम १०० वर्षांहून जुनं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही.

"कुठून आणलं?" विचारायला लाजू नका

जळलेली तांब्याची तार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. नदीकाठच्या शेतीपंपांची केबल चोरीला जाते आणि जाळून विकली जाते. तो धूरही विषारी असतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा ओळखायला जागा असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ तुम्हाला लागू होतं. जुना मोबाईल घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बघा, आणि इंग्रजीत KYM, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला असेल तर कळतं. देणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याचा माल सोडा.

तयार माल जमिनीवर ठेवू नका

ही चूक मी सगळ्यात उशिरा शिकलो. सांगलीच्या गावभागातला माझा गाळा रस्त्यापासून एक पायरी वर. २०२१ च्या जुलैत दुरुस्त करून, पुसून, किमतीच्या चिठ्ठ्या लावून १४ मिक्सर खालच्या फळीवर मांडले होते. आयर्विनला ४० फूट, म्हणजे इशारा पातळी, झाली तरी वाटलं, एवढ्यात नाही येणार. आलं. चिठ्ठ्यांसकट सगळं पाण्यात गेलं.

आता ३५ फुटांची बातमी आली की माल माळ्यावर चढतो. त्या १४ पैकी ९ परत उघडले, धुतले, वाळवले, मेगर लावला आणि पुरात भिजलाय हे सांगूनच विकले. शंभर रुपये कमी आले.